माळ्यावरचा झेफेरिनो

दोना फेलिस्मिनाला हळू बोलता येत नसे. तिची सगळी तरुणाई कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात गेली. तिथून बाहेर पडली तेव्हा कान अर्धे झाले होते आणि आवाज दुप्पट. ती कुजबुजली तरी बोळीच्या दुसऱ्या टोकाला टाकीवर धुणं धुणाऱ्या बायका माना वर करत. अशा बाईने वर्षानुवर्षं घरात एक अख्खा माणूस लपवून ठेवला होता, हे सांगितलं की नव्या पिढीतले लोक हसतात. मी तिच्या लागूनच्या खोलीत राहत होते. मला हसू येत नाही.

आमच्या पोर्तो शहरात असल्या वस्तीला बेट म्हणतात. रस्त्यावर मालकाचं घर, त्या घराच्या पोटातून आत शिरणारी बोळ, आणि बोळीच्या दोन्ही अंगांना एकेका खोलीची आमची घरं. वर लाकडी माळा, मागे कोंबड्यांची खुराडी, टोकाला टाकी आणि सामाईक संडास. फेलिस्मिनाच्या माळ्यावर झेफेरिनो राहायचा. तिचा दीर, तिच्या मयत नवऱ्याचा, अमादेऊचा, थोरला भाऊ. त्याला फेफरं यायचं. एरवी माणूस शांत. जूनमधल्या सांत जुआंवच्या जत्रेसाठी पातळ कागदाचे फुगे बनवायचा, आणि बेटातून त्या रात्री जेवढे फुगे आकाशात जायचे ते सगळे त्याच्या हातचे असायचे.

अमादेऊ जिवंत असताना झेफेरिनो एकदा चर्चच्या पायरीवर झटका येऊन पडला. शिपाई आले. याचं कुणी नाही, असं तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी त्याला उचलून निराधारगृहात नेऊन टाकलं. परत आणायला नवरा-बायकोने किती रविवार खेटे घातले! आणला तेव्हा डोकं भादरलेलं, अंगात करडा झगा, पायांत दोन वेगवेगळ्या मापांच्या चपला. कितीतरी महिने तो जेवायला बसला की ताटाभोवती हाताचं कुंपण करायचा. फेलिस्मिनाने तेव्हाच ठरवलं, हा पुन्हा कुणाच्या मोजणीत सापडता कामा नये.

आणि मोजणी तर सारखी व्हायची. तपासनीस यायचा. खोलीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं दिसली की मालकाला दंड, आणि मालक दंड भरण्याऐवजी भाडेकरूला बाहेर काढायचा. त्यामुळे ‘इथे किती जण झोपता?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या बेटात नेहमी खऱ्यापेक्षा कमी असायचं. लेकरं बोलायला लागली की आधी हे उत्तर शिकायची. तपासनीस बोळीच्या तोंडाशी दिसला की टाकीवरची एखादी बाई ओरडायची, “अहो सांत आंतोनी, माझी सुई हरवली हो!” हरवलेलं शोधून देणाऱ्या संताचा हा धावा ऐकला की आज्या, पोटभाडेकरू, नवऱ्याने टाकलेल्या लेकी, सगळे मागच्या खुराड्यांकडे पसार व्हायचे. तपासनिसाला आमच्या बायका फार वेंधळ्या वाटत असणार.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये देशातली हुकूमशाही राजवट पडली. सैनिकांच्या बंदुकांत फुलं खोचलेली आम्हीही पाहिली आणि रडलो. पुढच्या हिवाळ्यात बोळीत चार तरुण आले. त्यांचा म्होरक्या दाढीवाला, नाव दुआर्ते. सोबत लियोनोर नावाची एक मुलगी होती, तिचे केस पोरांसारखे कापलेले.

“सरकार ही जागा मालकाकडून घेणार आहे,” दुआर्ते म्हणाला. “इथेच नवी घरं बांधायची. तुम्ही सांगाल तशी. नकाशावर पहिली रेघ तुमची. आणि मला सर-बीर काही नको, नुसतं दुआर्ते म्हणा.”

“बरं, सेन्योर आर्किटेक्ट,” फेलिस्मिना म्हणाली.

समोरच्या खोलीतली बाल्बिना हातातला पिळा तसाच धरून पुढे आली. “आणि बांधून होईपर्यंत आम्ही कुठे जायचं?”

“कुठेही नाही. आधी मागच्या मोकळ्या जागेत एक ओळ उभी करू. मग इकडची पाडू.”

“माझ्या बहिणीलाही असंच सांगितलं होतं. तात्पुरतं म्हणाले. आता बसलीये टेकडीपलीकडे चौथ्या मजल्यावर, आणि कोंबड्या न्हाणीघरात. अंडी घालत नाहीत तिथे. घाबरतात.”

ते चौघे बाजूला जाऊन आपसांत बोलू लागले. गिरणीतल्या बायकांना ओठ वाचता येतात, माग चालू असताना दुसरा इलाजच नसतो. सगळ्यांनी फेलिस्मिनाकडे पाहिलं.

“काय म्हणतायत गं?” बाल्बिनाने विचारलं.

“दाढीवाला म्हणतोय, पोटात कावळे ओरडतायत,” फेलिस्मिना आपल्या समजुतीने हळूच म्हणाली. “पोरगी म्हणतेय, इथे कुणाकडे काही खाऊ नकोस, ह्यांचं ह्यांनाच पुरत नाही.”

लियोनोर कानापर्यंत लाल झाली. मग बाल्बिनाने हट्टाने चौघांना मक्याचा पाव आणि तळलेले मासे खायला घातले, आणि ते खात असताना सगळा वेळ त्यांच्याकडे अशी पाहत राहिली की घास घशात अडकावा.

पुढचे काही आठवडे ते घरोघर फिरले. चूल कुठे हवी, खिडकी कुणीकडे, दार रस्त्याकडे की आत. असं कुणी आम्हाला कधी विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच लोक आणखी बिचकले. खिडकीबद्दल विचारता विचारता ते एकदा तरी विचारायचे, इथे किती जण झोपता? बाल्बिनाच्या घरी सहा माणसं होती. तिने तीन सांगितली. फेलिस्मिनाच्या दारात मी उभी होते.

“मी एकटी,” ती म्हणाली.

“आणि वर माळ्यावर?” लियोनोरने विचारलं.

“बटाटे.”

तेवढ्यात बटाटे खोकले. मी घाईने तोंडाशी रुमाल धरला आणि चांगली दहा वेळा खोकले. लियोनोरने मला मधाचा काढा घ्यायला सांगितलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, “दोना फेलिस्मिना, ही मुलं तपासनिसासारखी नाहीत वाटत.”

“ग्रासिंदा, तुला मठातल्या सिस्टरांनी शिकवलं, माणसं मुळात चांगली असतात. मला गिरणीने शिकवलं. साहेब बायकांना नावाने हाका मारायला लागला, बाळ कसं आहे विचारायला लागला, की समजायचं, शनिवारी कुणाची तरी नोकरी जाणार.”

“पण हे खिडक्या विचारतायत.”

“खिडकी विचारली की माणूस खुलतो. मग किती जण ते विचारायचं. मी पण तसंच केलं असतं.”

सभांचं टिपण ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं, बेटात सुवाच्य लिहिणारी मीच. पण मी वही उघडली की आजूबाजूची बोलणी थांबायची. बाल्बिना एकदा तोंडावर म्हणाली, “लिहून ठेवते आहेस ते कुणाला दाखवणारेस, ते आधी सांग.” माझी रोजनिशी लहानपणापासूनची सवय, हे तिला ठाऊक होतं. तरी म्हणाली. त्या दिवसांत असं होतं. शेजारणीच्या दिव्याची वातही कुणाला तरी खबर द्यायला जळते आहे असं वाटायचं.

त्यात वाल्देमारची भर. हा इसम वर्षानुवर्षं मालकाचा भाडेवसुलीचा माणूस होता. दर महिन्याला दारावर मूठ आपटायचा आणि उघडेपर्यंत थांबायचा नाही, सरळ आत यायचा. राजवट पडल्यावर पंधरा दिवसांतच त्याच्या गळ्यात लाल रुमाल आला. रहिवाशांची समिती निवडायची वेळ आली तेव्हा बोलायला येणारा तो एकटाच, म्हणून तो समितीत. चर्चच्या पायरीवर ‘याचं कुणी नाही’ असं सांगणारा वाल्देमारच, अशी फेलिस्मिनाची खात्री होती. पुरावा काही नव्हता. त्याच्या घरापासून ती पायरी दिसते, एवढंच.

वसंत आला तेव्हा शाळेच्या सभागृहात सभा भरली. मधल्या टेबलावर पुठ्ठ्याचं सबंध नवं बेट मांडलेलं. छपरं उचलता यायची. आत पुठ्ठ्याचे पलंग, पुठ्ठ्याची चूल, काडेपेटीएवढी खुर्ची. आपापलं घर शोधून लोक छपरं उचलू लागले, आणि हळूहळू सभागृह शांत झालं.

“हे काय?” बाल्बिना ओरडली. “एक झोपायची खोली? एक?”

“आमचीही एकच!” मागून कुणीतरी.

“बघा! मी म्हणत नव्हते? पुठ्ठ्यातच फसवलं आम्हाला. विटांत काय करतील!”

दुआर्ते गोंधळला होता. “पण दोना बाल्बिना, तीन माणसांना… तुम्हीच सांगितलं, तीन.”

बाल्बिनाचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच मिटलं. कुणी छताकडे पाहायला लागलं, कुणी बुटाच्या नाड्या बांधायला वाकलं. सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं होतं. जन्मभर जे उत्तर देऊन आम्ही डोक्यावरचं छप्पर राखलं, तेच उत्तर या पोरांनी खरं मानून मापून घरं काढली होती.

लियोनोर एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला काहीतरी उमगलं असावं. ती हळूच म्हणाली, “अजून बदलता येईल. आराखडा पुढच्या आठवड्यात वर जाणार आहे. त्याआधी सांगा.”

“वर म्हणजे कुठे?” फेलिस्मिनाने विचारलं.

“लिस्बनला.”

झालं. लिस्बनहून आमच्याकडे आजवर काय आलं, तर कर आणि सैन्यात भरतीचे हुकूम. लोक पुन्हा आक्रसले. त्यात वाल्देमार उठला, रुमाल सारखा केला आणि म्हणाला, “कॉम्रेड्स, आता लपवायचं कारण काय? ज्यांच्या घरी जास्त माणसं आहेत त्यांनी इथे उभं राहून, सर्वांसमोर सांगावं.”

तो जे म्हणत होता ते बरोबर होतं. पण ते वाल्देमार म्हणत होता. सबंध सभागृहातून कुणी हूं की चूं केलं नाही.

फेलिस्मिनाने आपलं छप्पर उचललं. एक खोली, एक पलंग.

“माळा कुठाय?”

“माळे नाहीत आता, दोना फेलिस्मिना,” दुआर्ते म्हणाला. “माळ्यावर माणूस गुदमरतो.”

तिने छप्पर अलगद जागेवर ठेवलं आणि घरी निघाली. मी तिच्यामागे.

झेफेरिनो माळ्याच्या कडेला पाय सोडून बसला होता. त्याला सांगावं लागलं नाही. फेलिस्मिना बोळीतून माझ्याशी बोलत आली होती, म्हणजे त्याने सगळं ऐकलंच होतं.

“सांगितलं तर हे लिस्बनला कळणार,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “लिस्बनहून निराधारगृहाला. नाही सांगितलं तर तुला जागा नाही. काय करू?”

“मी टाकीपाशी झोपेन.”

“टाकी पण पाडतायत, बावळटा.”

माळ्याच्या फळ्यांत दाराच्या वर एक फट होती, झेफेरिनोचं जग म्हणजे ती फट. तिच्यातून त्याला बोळीतल्या माणसांची डोकी आणि पाय तेवढे दिसायचे.

“त्या दाढीवाल्याचे बूट फाटलेत,” तो म्हणाला. “डावा पार अंगठ्यापाशी. मला न्यायला आले होते त्यांचे बूट चांगले होते.”

“फाटक्या बुटाचा माणूस खोटं बोलत नाही का?”

“बोलतो. पण असल्या बुटांनी फार लांब नेता येत नाही.”

मला हसू फुटलं. फेलिस्मिना हसली नाही. तिने मला विचारलं, “तो वाल्देमार बोलत होता तेव्हा पोरगी दाढीवाल्याला काय म्हणाली, माहितीये?”

“काय?”

“म्हणाली, ‘या माणसाला गप्प कर.’ किंवा मी बघतेय हे बघून मुद्दाम म्हणाली असेल.”

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर ते चौघे पुन्हा बोळीत यायचे होते. फेलिस्मिनाने सकाळीच पेटीतून अमादेऊचा काळा कोट काढला, झेफेरिनोला घातला, त्याचे केस पाण्याने बसवले. कोट खांद्यांत घट्ट होत होता. इतक्या वर्षांत झेफेरिनो उजेडी दारातून बाहेर पडला नव्हता. बोळीत येऊन तो डोळे मिचकावत उभा राहिला आणि त्याने भिंतीला हात टेकला.

तेवढ्यात बोळीच्या तोंडाशी दुआर्ते आणि त्याची माणसं दिसली, मागे वाल्देमार. टाकीवरून कुणीतरी सवयीने किंचाळलं, “अहो सांत आंतोनी, माझी सुई हरवली हो!”

झेफेरिनो जागच्या जागी वळला. पाय आपोआप खुराड्यांकडे निघाले. फेलिस्मिनाने त्याचं कोपर धरलं आणि अख्ख्या पोर्तोला ऐकू जाईल अशी ओरडली, “सापडली सुई! गप्प बसा!”

दारं उघडली. बोळ माणसांनी भरली. ती त्याला घेऊन सरळ दुआर्तेपुढे जाऊन उभी राहिली.

“हा माझा दीर. माझ्या माळ्यावर राहतो. त्याला झटके येतात. माझ्याकडे बटाटे-बिटाटे काही नाहीत.”

लियोनोरने माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाशी खेळू लागले.

दुआर्तेने कागद काढला. “यांचं नाव?”

“नाव कशाला? खोलीला लांबी-रुंदी लागते. ती लिहा. नाव घर उभं राहिल्यावर सांगेन, दाराला कुलूप बसल्यावर.”

“नावाशिवाय वर कसं…”

“ते मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात ना, पहिली रेघ आमची? ही आमची रेघ. आणि लिहाल ते हा गेल्यावर.” तिने वाल्देमारकडे बोट केलं.

वाल्देमारचा चेहरा पडला. “फेलिस्मिना, अजून तेच धरून बसलीस? मी त्या दिवशी तिथे नव्हतोच.”

“तेच तर. कुणीच नव्हतं तिथे. तरी शिपायांना कळलं, याचं कुणी नाही म्हणून.”

“देवाशपथ सांगतो…”

“देवाला मध्ये आणू नकोस. तू आता कॉम्रेड आहेस.”

लोक हसले, पण कमी. वाल्देमारने टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. तो खरं बोलत होता की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्या रात्रीच्या रोजनिशीत मी लिहिलंय, की जाताना तो झेफेरिनोकडे बघत नव्हता. निरपराध माणूसही कदाचित बघणार नाही.

दुआर्तेने लिहिलं. मी खांद्यावरून वाकून वाचलं. ‘एक प्रौढ, आजारी, तळमजला हवा, खिडकी दक्षिणेला.’ नावाच्या जागी काही नव्हतं.

मला वाटलं होतं, आता सगळे बोलतील. कुणी बोललं नाही. पण त्या दुपारी लियोनोर टाकीवर हात धुवायला गेली तर एक बाई तिच्या कानाशी लागली. मग कोपऱ्यावर दुसरीने गाठलं. संडासाच्या रांगेतसुद्धा तिला कुणी सोडलं नाही. “सासू आहे, पण तुम्ही मोठ्याने म्हणू नका.” “लेक आहे, पोर आहे तिचं, मंत्र्याला सांगू नका.” पोरगी संध्याकाळपर्यंत थकून गेली. बाल्बिना मात्र दारात हाताची घडी घालून उभी होती.

“जा की, सांग,” मी म्हटलं.

“बांधू दे आधी एक तरी भिंत. मग सांगते. सगळं बेट एका दिवसात वेडं झालंय.”

पहिली ओळ मागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तिच्यात आजारी आणि म्हातारे आधी, असं ठरलं. फेलिस्मिनाला दुसऱ्या क्रमांकाचं घर मिळालं. बाल्बिना म्हणाली, “बघितलंस? म्हणूनच काढला तिने दीर बाहेर. वाटते तेवढी साधी नाही ती.” मग लिस्बनमध्ये सरकार बदललं, दुआर्तेच्या तुकडीचे पैसे थांबले आणि दुसरी ओळ कधी झालीच नाही. लियोनोर शेवटचं भेटायला आली तेव्हा खूप रडली. बाल्बिना आणि मी जुन्या खोल्यांतच राहिलो. बाल्बिना मरेपर्यंत सांगायची, आपलाच संशय खरा ठरला. मी तिला चूक म्हणू शकले नाही. पूर्ण बरोबरही म्हणू शकले नाही.

नव्या घरात झेफेरिनोला स्वतःची खोली होती. त्या खोलीला दार होतं, आणि फेलिस्मिनाने सुताराला सांगून कडी आतल्या बाजूने बसवून घेतली. सुतार म्हणाला, “झटके येणाऱ्या माणसाला आतून कडी? बाई, भलतंच.” ती म्हणाली, “मी खिडकीतून चढेन. तू बसव.” सुरुवातीला बाहेर कुणी आलं की झेफेरिनो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत जाऊन बसायचा. तिने कधी त्याला तिथून उठवलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात समिती नवी घरं पाहायला आली. पाच-सहा माणसं, पुढे वाल्देमार. मी तेव्हा फेलिस्मिनाच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होते. वाल्देमारने चूल पाहिली, नळ सोडून पाहिला, आणि सवयीप्रमाणे झेफेरिनोचं दार ढकललं. कडी लागलेली होती. दार हललं नाही.

“आत कोण आहे का?” त्याने फेलिस्मिनाला विचारलं.

“दार वाजव,” ती म्हणाली. “मला काय विचारतोस?”

वाल्देमारने मूठ वर नेली. मग बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. आतून काही आवाज नाही. मला वाटलं, झेफेरिनो भिंतीपाशी जाऊन बसला असणार. समितीतला एकजण म्हणाला, राहू द्या, पुढचं घर पाहू. फेलिस्मिनाने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. पलंग करकरला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

“कोण आहे?” झेफेरिनोने विचारलं.

वाल्देमारने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि दाराशी तोंड नेऊन आपलं नाव सांगितलं.

“आत्ता नको,” झेफेरिनो म्हणाला.